पहिले पुस्तक छापताना

पुस्तक लिहिणे आणि पुस्तक काढणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. लिहिणे आपल्या हातात असते. पुस्तक काढण्यात मात्र दहा हात लागतात, आणि त्या दहा हातांपैकी एकाची जरी चूक झाली तरी ती लेखकाच्या नावावर जमा होते. आज मी माझ्या पहिल्या पुस्तकाविषयी सांगणार आहे. ते काही गाजलेले पुस्तक नाही. पण ते काढताना मी जे शिकलो, ते आपल्यापैकी ज्यांच्या कपाटात एखादी लिहिलेली वही पडून आहे, त्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. आमचे मूळ गाव करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठी. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. गावाबरोबर आमच्या मळ्यातली विहीरही गेली. त्या विहिरीवर माझ्या लहानपणी मोट चालायची. मोट म्हणजे चामड्याची भली मोठी पखालच. ती बैल ओढत. पुढे इंजिने आली, मग विजेचे पंप आले, आणि मोट गेली ती गेलीच. मोटेबरोबर तिचे शब्दही निघाले. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा. मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैल ज्या उतारावरून चालतात ती धाव, आणि पाणी जिथे येऊन पडते ते थारोळे. तिथून पाट, पाटातून वाफे. वाफ्यावाफ्याला पाणी फिरवणे म्हणजे दारे धरणे.

हे शब्द मी शाळेत मुलांना सांगायला गेलो तेव्हा एकाही मुलाला ते माहीत नव्हते. मुलांचे सोडा, बरोबरच्या तरुण शिक्षकांनाही माहीत नव्हते. तेव्हापासून मी वही घातली. सुटीच्या दिवशी पुनर्वसनाच्या गावठाणांत जायचे, पारावरच्या म्हाताऱ्यांजवळ बसायचे आणि विचारायचे. मोट, नांगर, गाडी, खळे, कडबा, जे निघेल ते. एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी यायचा. मोटेच्या उताराला धाव म्हणतात, आणि गाडीच्या चाकाला जी लोखंडी पट्टी चढवतात तिलाही धावच म्हणतात. असे बाराशेच्या आसपास शब्द जमले. त्यांतले जवळजवळ निम्मे एकट्या माझ्या आत्याने सांगितले. आत्या शाळेची पायरी चढलेली नव्हती. पण तिने तरुणपणी रात्र रात्र दारे धरलेली होती. एखादा शब्द चुकीचा उच्चारला तर ती मला पुन्हा म्हणायला लावायची. मी मास्तर, आणि ती माझी मास्तरीण.

मी २००९ साली निवृत्त झालो तेव्हा चार दोनशेपानी वह्या भरल्या होत्या. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. वह्या पाहून ती म्हणाली, ''आता ह्याचं बुक कर. माझ्या डोळ्यांदेखत कर.''

इथून खरी गोष्ट सुरू होते.

मी चार-पाच प्रकाशकांना हस्तलिखित दाखवले. सगळ्यांनी चहा दिला, कौतुक केले आणि नको म्हणून सांगितले. तेव्हा मला राग आला होता. आज येत नाही, कारण आज मला त्यांचे गणित कळते. ते गणित आपणही समजून घ्या. समजा, दीडशे रुपये किमतीचे पुस्तक आहे. विक्रेता आणि वितरक मिळून साधारण चाळीस टक्के सवलत घेतात, म्हणजे साठ रुपये गेले. राहिले नव्वद. त्यातून लेखकाचे मानधन सर्वसाधारणपणे दहा टक्के, म्हणजे पंधरा रुपये. राहिले पंचाहत्तर. या पंचाहत्तरमध्ये अक्षरजुळणी, कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, गोदामाचे भाडे, वाहतूक आणि न खपलेल्या प्रतींचा तोटा बसवायचा असतो. आमच्या पाचशे प्रतींचा खर्च पुढे तीस हजार आला. तीस हजारांना पंचाहत्तरने भागा. चारशे प्रती खपल्या की नुसते भांडवल परत येते. पाचशेतल्या चारशे! नव्या लेखकाचे, तेही मोटेच्या शब्दांचे पुस्तक चारशे लोक विकत घेतील, अशी खात्री कोण देणार? प्रकाशक नको म्हणाले, यात त्यांचे काही चुकले नव्हते.

पण एक प्रकाशक हो म्हणाले. इतके चटकन हो म्हणाले, की मी खरे तर तिथेच सावध व्हायला हवे होते. त्यांनी हस्तलिखित चाळलेसुद्धा नाही. ''सर, फार मोलाचं काम आहे. लेखकाचा सहभाग म्हणून पंचवीस हजार द्या, तीन महिन्यांत पुस्तक तुमच्या हातात,'' असे म्हणाले आणि एक कागद पुढे केला. टंकलिखित अर्धे पान. त्यावर पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील एवढेच होते. किती प्रती, कधी, किती वर्षांसाठी, मानधन किती, काही नाही. मी सही केली. आयुष्यभर मुलांना ''प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा'' असे सांगणारा मी, त्या कागदावर न वाचल्यासारखी सही करून आलो. छापील पुस्तकावर आपले नाव दिसणार, या कल्पनेने माणूस किती आंधळा होतो ते तेव्हा कळले.

ते पंचवीस हजार माझ्या निवृत्तीच्या पैशातले होते. त्यातून घरावरचे पत्रे बदलायचे ठरले होते. मंडळी एवढेच म्हणाल्या, ''पुस्तक येईल तेव्हा येईल, पावसाळा मात्र जूनमध्येच येतो.''

तीन महिने झाले, सहा झाले, वर्ष झाले. फोन केला की उत्तर ठरलेले असे. आधी अक्षरजुळणी चालू होती, मग कागद महागला होता, मग मुखपृष्ठाचे चित्रकार आजारी होते. पुढे फोन उचलणेच बंद झाले. दोन पावसाळे पत्र्यांखाली पातेली ठेवून काढले. पण त्याहून अवघड होते ते आत्याला तोंड दाखवणे. दर दिवाळीला ती विचारी, ''झालं का बुक?'' मी म्हणे, ''होतंय.'' त्या दिवसांत मला बहिणाबाई चौधरींची आठवण फार यायची. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली. आचार्य अत्र्यांनी ती ऐकली आणि ती छापलीच पाहिजेत असा आग्रह धरला. बहिणाबाई गेल्या डिसेंबर १९५१ मध्ये, आणि पुस्तक निघाले १९५२ साली. मराठीतले इतके मोठे पहिले पुस्तक, पण ते जिचे होते तिने पाहिले नाही. आमच्या वहीची त्या गाण्यांशी बरोबरी नाही, हे मला कळत होते. पण आपल्याही घरात तसेच होणार की काय, ही भीती मात्र खरी होती.

शेवटी भाऊबंदांतला एक पुतण्या वकिली करतो, त्याच्याकडे तो अर्ध्या पानाचा कागद नेला. त्याने तो वाचला आणि विचारले, ''काका, यात मुदत कुठं लिहिली आहे?'' मी म्हटले, ''नाही लिहिली.'' तो हसला. म्हणाला, ''मग बरंच आहे.''

त्याने मला जे समजावले ते प्रत्येक नव्या लेखकाला माहीत असायला हवे. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. या कायद्याप्रमाणे आपण एखादी गोष्ट लिहिली की तिचा हक्क जन्मतःच आपला. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. नोंदणी करता येते, वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, पण ती सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. उदाहरणार्थ, साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या पुस्तकांवरचा हक्क २०१० अखेर संपला आणि १ जानेवारी २०११ पासून ती कोणालाही छापता येतात. आपला हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच देता येतो. तोंडी दिलेल्या हक्काला अर्थ नाही. आणि मुख्य म्हणजे कलम १९. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरताच दिला असे धरतात. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलेले नसेल तर भारतापुरता. आणि ज्याने हक्क घेतला त्याने एका वर्षात तो वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही म्हटले नसेल तर, हक्क लेखकाकडे परत येतो.

म्हणजे ज्या अर्ध्या पानावर काहीच लिहिले नव्हते, त्या न लिहिण्यानेच मला वाचवले. पुतण्याने रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली. आठ दिवसांत हस्तलिखित परत आले. ज्या सुतळीने मी ते बांधून दिले होते, तीच सुतळी, तीच गाठ. दोन वर्षांत कोणी सोडलीसुद्धा नव्हती. पैसे मात्र आले नाहीत. दावा लावायचा की नाही यावर घरात चर्चा झाली. पंचवीस हजारांसाठी किती वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? सोडून दिले. ती माझ्या शिक्षणाची फी समजलो. मंडळींनी मात्र अजून तसे समजलेले नाही.

यानंतर मी शहाण्यासारखा वागलो. जिल्ह्याच्या गावी छोटा छापखाना चालवणारे आणि वर्षाला पाच-सहा पुस्तके काढणारे एक गृहस्थ होते. त्यांनी आधी हस्तलिखित ठेवून घेतले, महिनाभर वाचले आणि मग बोलावले. म्हणाले, ''मास्तर, खपणार नाही. पण निघायला पाहिजे.'' ज्याने आपले लिखाण वाचून शंका काढल्या तोच आपला प्रकाशक, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो. आमचा करार दोन पानांचा झाला. पहिली आवृत्ती पाचशे प्रती, सहा महिन्यांत पुस्तक, हक्क पाच वर्षांसाठी, मानधन दहा टक्के, आणि त्यातल्या दोनशे प्रती मी चाळीस टक्के सवलतीने विकत घ्यायच्या. दोनशे गुणिले नव्वद, अठरा हजार. पुन्हा पैसे द्यायचे होतेच. पण या वेळी त्या पैशांच्या बदल्यात माझ्या हातात दोनशे पुस्तके येणार होती, नुसता शब्द नव्हे.

जाता जाता एक सांगतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ ही सरकारी संस्था १९६० साली स्थापन झाली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिचे पहिले अध्यक्ष. या मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देण्याची योजना आहे. हस्तलिखित पाठवायचे, ते तज्ज्ञ वाचतात, पसंत पडले तर प्रकाशनासाठी अनुदान मिळते. मला ही योजना माहीतच नव्हती. पुस्तक निघाल्यावर कोणीतरी सांगितले. पहिले पुस्तक एकदाच असते, त्यामुळे ती गाडी चुकली ती चुकलीच. आपण चुकवू नका. नियम बदलत असतात, तेव्हा आधी चौकशी करा.

आता पुस्तक कसे तयार होते ते थोडक्यात. छापखान्यात पाने एकेक छापत नाहीत. मोठ्या कागदावर पुढे आठ आणि मागे आठ अशी सोळा पाने एकदम छापतात, मग कागदाला घड्या घालतात. त्याला फॉर्म म्हणतात. माझे पुस्तक डेमी आकाराचे, एकशे साठ पानांचे, म्हणजे बरोबर दहा फॉर्म. ते आधी एकशे त्रेसष्ट पानांचे होत होते. प्रकाशक म्हणाले, ''मास्तर, तीन पानांसाठी अकरावा फॉर्म कशाला? काहीतरी कापा.'' मी माझ्या मनोगतातले कौतुक कापले. पुस्तक सुधारले.

दुसरी गोष्ट प्रतींची. अक्षरजुळणी, प्लेटा आणि मुखपृष्ठ यांचा खर्च पाचशे प्रती काढा की हजार, तेवढाच येतो. आमचा तो पंधरा हजार होता. कागद, छपाई, बांधणी धरून पुढे प्रत्येक प्रतीला तीस रुपये. पाचशे प्रती काढल्या तर एक प्रत साठ रुपयांना पडते आणि हजार काढल्या तर पंचेचाळीसला. नवा लेखक या हिशेबाला भुलतो आणि हजार छापतो. मग त्यातल्या सातशे त्याच्या पलंगाखाली राहतात. स्वस्त पडलेली पण न खपलेली प्रत ही सर्वांत महाग प्रत असते. आता डिजिटल छपाईमुळे पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात. दर प्रतीला खर्च जास्त पडतो, पण पलंगाखालची जागा मोकळी राहते.

पुस्तकाच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या खुणेखाली जो तेरा अंकी आकडा असतो, तो आयएसबीएन. २००७ पूर्वी तो दहा अंकी होता. आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची यंत्रणा तो देते, आणि विनामूल्य देते. त्यासाठी पैसे मागणारे लोक भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितले. हा आकडा म्हणजे पुस्तकाचा नुसता ओळखक्रमांक. तो मिळाला म्हणजे कॉपीराइट मिळाला किंवा सरकारने पुस्तक मान्य केले, असे काही नाही.

आता येतो मुद्रितांकडे. मुद्रिते म्हणजे प्रुफे. मराठीचे छापील व्याकरण विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूरला काढले. आपले नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. तिथे देवनागरीचे खिळे पाडले गेले होते. खिळे जुळवण्याची ती रीत आपल्याकडे पावणेदोनशे वर्षे चालली. खिळ्यांच्या काळात चूक व्हायची ती एकेका अक्षराची. उलटा बसला, तुटला, काना गळला. संगणकावर चूक होते ती घाऊक होते. एक शब्द एकदा बदला म्हणून सांगितले की तो सबंध पुस्तकभर बदलता येतो, एका क्षणात.

मी पहिले मुद्रित वाचले, दुसरे वाचले. पण स्वतःचे लिखाण तपासताना डोळा जे छापले आहे ते वाचत नाही, जे असायला हवे ते वाचतो. म्हणून तिसरे मुद्रित माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला दिले. भाषेचे निष्णात शिक्षक, शुद्धलेखनात कोणाला हार जाणार नाहीत. त्यांनी पुष्कळ चुका काढल्या आणि त्या लावून घेतल्या. शेवटचे मुद्रित माझ्याकडे आले तेव्हा मी फक्त खुणा केलेली पाने पाहिली, तीही घाईघाईने. आत्या तेव्हा अंथरुणाला खिळली होती. मला पुस्तक हवे होते.

२०१३ च्या मार्चमध्ये पुस्तक आले. छापखान्यातून गठ्ठा सोडवला, एक प्रत घेतली आणि तिथून थेट एसटीने आत्याकडे गेलो. प्रकाशन समारंभ वगैरे काही नाही. आत्याने पुस्तक हातात घेतले, उलटेच धरले. वास घेतला. मुखपृष्ठावर मोटेचे चित्र होते, त्यावर बोट फिरवून ''बैल गोऱ्हं काढलेत'' म्हणाली. मग म्हणाली, ''वाच.''

मी मोटेचे प्रकरण काढले आणि मोठ्याने वाचू लागलो. मोट, नाडा, कणा. आणि पुढची ओळ वाचली, ''मोटेच्या सोंडेला जो बारीक दोर बांधतात त्याला शेंदूर म्हणतात.''

वाचले मीच, पण माझ्या लक्षात आले नाही. आत्याच्या आले. तिने डोळे उघडले. म्हणाली, ''आरं मास्तर, मोटंला शेंदूर कवापास्नं लावाया लागलास? ती काय म्हसोबा हाय व्हय?''

मी ओळ पुन्हा पाहिली. शेंदूर. पुढचे पान उलटले. तिथेही शेंदूर. माझ्या सहकाऱ्याने 'सोंदूर' हा शब्द उभ्या आयुष्यात ऐकलेला नव्हता. ही अक्षरजुळणीतली चूक असणार, असे समजून त्यांनी तो प्रामाणिकपणे शुद्ध केला होता आणि संगणकाने तो अकराच्या अकरा ठिकाणी शुद्ध केला होता. जो शब्द हरवू नये म्हणून पुस्तक लिहिले, तोच शब्द पुस्तकातून हरवला होता. पाचशे प्रतींतून.

मला घाम फुटला. आत्या मात्र हसत होती. इतकी हसली की सुनेने येऊन पाणी दिले. मग म्हणाली, ''म्हणून म्हणलं माझ्या डोळ्यांदेखत कर. न्हाईतर कुणी सांगितलं असतं?''

दोष कोणाचा? माझ्या सहकाऱ्यांचा नाही. त्यांना शब्दांची यादी मी द्यायला हवी होती. हे शब्द असेच आहेत, यांना हात लावू नका, असे बजावायला हवे होते. बोलीभाषेतले, व्यवसायातले शब्द ज्यांच्या लिखाणात आहेत त्यांनी हे अवश्य करावे. आणि शेवटचे मुद्रित, एकही खूण नसली तरी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे. शक्य तर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि आपण हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकावे. कान डोळ्यांपेक्षा लवकर फसत नाहीत, हे मी निरक्षर आत्याकडून शिकलो.

प्रकाशकांनी त्याच दिवशी शुद्धिपत्र छापून दिले. वीतभर कागदाची पट्टी, ''शेंदूर ऐवजी सोंदूर वाचावे'' आणि अकरा पृष्ठांचे आकडे. घरी आम्ही दोघे, सून आणि नातू, असे चौघे जण तीन रात्री खळ लावून पट्ट्या चिकटवत बसलो. माझ्या सहकाऱ्यांना कळले तेव्हा तेही आले. काही न बोलता खळीची वाटी पुढे ओढून बसले. चौथ्या रात्री काम संपले.

मग विक्री. दोनशे प्रतींपैकी पन्नास मी उत्साहात वाटून टाकल्या. ही दुसरी चूक. फुकट दिलेले पुस्तक लोक ठेवतात, वाचत नाहीत. दीडशे रुपये मोजून घेतलेले पुस्तक माणूस निदान उघडून पाहतो. नंतर मी एकही प्रत फुकट दिली नाही. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन जाऊ लागलो. शाळांत गेलो, शेतकरी मेळाव्यांत गेलो. पुस्तकांच्या दुकानांत माझे पुस्तक फारसे खपले नाही, पण बी-बियाण्यांच्या एका दुकानदाराने गल्ल्याजवळ ठेवले आणि त्याच्याकडे तीस प्रती गेल्या. आपले पुस्तक कोणासाठी आहे हे कळले की ते कुठे ठेवायचे हेही कळते. ग्रंथालयांनी काही घेतले. पाचशे प्रती संपायला चार वर्षे लागली. मानधनाचा पहिला धनादेश एक हजार तीनशे पन्नास रुपयांचा आला, म्हणजे नव्वद प्रतींचा. मंडळींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, ''दोन पत्रे येतील.'' आणि खरेच दोन पत्रे आणले.

दुसरी आवृत्ती २०१७ साली निघाली. तीत सोंदूर जिथल्या तिथे आहे. आत्या त्याआधी तीन वर्षे गेली. पण पहिले पुस्तक तिने पाहिले, वाचून घेतले आणि तपासून दिले. आणखी काय हवे?

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे. त्याप्रमाणे देशात निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते. तशीच चेन्नईच्या कोनेमारा, मुंबईच्या मध्यवर्ती आणि दिल्लीच्या सार्वजनिक ग्रंथालयालाही. पुष्कळ प्रकाशक ते करत नाहीत. आमचे प्रकाशक नियमाला पक्के. पुस्तक बांधून आले त्याच सकाळी त्यांनी चार प्रती टपालात टाकल्या होत्या. मी आत्याकडे एसटीने निघालो होतो, तेव्हा त्या प्रतीही निघाल्या होत्या. शुद्धिपत्राविना.

नंतर मी चारही ग्रंथालयांना चार पट्ट्या आणि चार पत्रे पाठवली. पट्टी कृपया पुस्तकात चिकटवावी, अशी विनंती केली. कोणी चिकटवली की नाही, कळायला मार्ग नाही. आपल्यापैकी कोणी कोलकात्याला गेले आणि राष्ट्रीय ग्रंथालयात जाण्याचा योग आलाच, तर जरा मराठीच्या कपाटात पाहा. मोटेला शेंदूर लावलेला दिसला तर समजा, पट्टी पोहोचली नाही. तिथल्या ग्रंथपालांना एवढेच सांगा, तो शब्द सोंदूर आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)